लम्पी : माशीची मजल आणि बाजाराची वाट

लम्पी हा गाई-बैलांचा त्वचारोग देवीच्या विषाणूंच्या कुळातल्या एका विषाणूमुळे होतो. माणसाला तो होत नाही. 1929 साली आजच्या झांबियात त्याची पहिली नोंद झाली. 2019 साली तो ओडिशात दिसला आणि 2022 च्या पावसाळ्यात जळगावपाठोपाठ बुलढाणा जिल्ह्यात पोचला. लोणारसारख्या बैलजोडीवर विसंबलेल्या तालुक्यात ऐन हंगामात बैल बसणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको.

अंगावरच्या गाठींत विषाणू खच्चून भरलेला असतो. डास, चावऱ्या माश्या, गोचीड तो शेजारच्या गोठ्यात नेतात. पण माशीची मजल ती किती? शेकडो किलोमीटरचा प्रवास विषाणूला माणूसच घडवतो, बाजारातून आणि ट्रकमधून. म्हणून त्या साथीत जनावरांचे बाजार बंद ठेवणे जाचक असले, तरी योग्यच होते.

प्रतिबंधासाठी शेळ्यांच्या देवीची लस कामी आली. दोन्ही विषाणू इतके जवळचे, की एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्यालाही अडवते. बाधित गावाभोवती 5 किलोमीटरच्या पट्ट्यात निरोगी जनावरांना ती टोचली गेली.

लक्षणे दिसायला काही आठवडेही लागू शकतात. त्यामुळे विकत आणलेले जनावर 28 दिवस वेगळे बांधावे. माश्या गोठ्यापासून लांब राहाव्यात म्हणून उकिरडाही दूर हलवावा.