वजन बसलं, तोल सुटला

सेसना १७२ एस या चार आसनी विमानाचं उड्डाणाच्या वेळचं वजन २,५५० पौंडांच्या आत असावं लागतं. चार धडधाकट माणसं, सामान आणि काठोकाठ टाक्या हे सगळं त्यात बसत नाही. ५३ गॅलन इंधनाचेच ३१८ पौंड होतात. घरच्या सिम्युलेटरमध्ये हे सगळं भरलं की जादा वजन लगेच दिसतं. त्याहून अवघड दोष मर्यादेतल्या वजनातही राहतो, आणि मी मुद्दाम तोच तयार करून उडवते.

मांडणी अशी. रिकामं विमान १,६९० पौंड. पुढे १४० पौंडांची पायलट एकटी, मागे १९० पौंडांचे दोघं, त्यांच्यामागे १२० पौंड सामान आणि २० गॅलन, म्हणजे १२० पौंड इंधन. बेरीज २,४५०. मर्यादेला अजून शंभर पौंड बाकी आहेत.

आता अंतरं. ती इंजिनामागच्या फायरवॉलपासून इंचांत मोजतात: पुढच्या सीट ३७, टाक्या ४८, मागची सीट ७३, सामान ९५. रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य मी ४० इंचांवर धरला आहे. प्रत्येक वजनाला त्याच्या अंतराने गुणायचं, गुणाकारांची बेरीज करायची आणि तिला एकूण वजनाने भागायचं. उत्तर येतं ४८ इंच. मागची मर्यादा ४७.३ आहे. मागच्या एकाला पुढे बसवलं की तेच २,४५० पौंड ४५.२ इंचांवर तोलले जातात. एक पौंडही न उतरवता विमान सुरक्षित झालं.

दोन्ही मांडण्या पाठोपाठ उडवल्या की फरक कळतो. पहिलीत ५५ नॉटच्या सुमारास योक, म्हणजे विमान चालवण्याचा दांडा, जरासा ओढताच नाक झटकन वर येतं आणि पुढे ढकलून धरावं लागतं. मागे जास्त भरलेली बैलगाडी उलाळ होते, तसाच हा कल. हवेत योक हलवून सोडला, तर नीट तोललेलं विमान डुलत डुलत मूळ वेगावर येतं. इथे ती परतण्याची ओढच क्षीण असते. खरा धोका स्टॉलमध्ये, म्हणजे पंखांची उचल सुटते तेव्हा, आहे. तिथे नाक खाली यायलाच हवं, आणि गुरुत्वमध्य फार मागे असेल तर शेपटीचं बळ त्यासाठी अपुरं पडू शकतं.

एक गोष्ट मात्र हाताला कळत नाही. घरच्या साध्या योकमध्ये स्प्रिंग असते. विमान कसंही भरा, तिचा ताण तोच. म्हणून मी सरळ उड्डाणात योकवरचा दाब काढून घेणारं ट्रिमचं चाक कुठे स्थिरावलं ते टिपून ठेवते. मांडणी बदलली की ती जागा बदलते.

खऱ्या उड्डाणात हाच दोष जीवघेणा ठरला आहे. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लटहून निघालेलं एअर मिडवेस्टचं ५४८१ क्रमांकाचं विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं आणि आतले सर्व २१ जण मरण पावले. नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या एलिव्हेटरच्या केबल चुकीच्या जुळवल्यामुळे नाक खाली आणण्याची क्षमता घटली होती, आणि त्यात गुरुत्वमध्य मर्यादेच्या बराच मागे होता. कागदावर मात्र सगळं मर्यादेत होतं, कारण प्रवाशांची वजनं ठरावीक सरासरीने धरली होती. पुढे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने ती सरासरी वाढवली.

सेसनात इंधन जळलं तरी तोल फारसा सरकत नाही. टाक्या गुरुत्वमध्याजवळच आहेत. तोल बिघडतो तो माणसांच्या आणि सामानाच्या जागांमुळे. सिम्युलेटरमध्ये ती जागा एका क्लिकने बदलते. खऱ्या विमानात पायलटला पाहुण्यांना त्यांचं वजन विचारावं लागतं, आणि ‘काका, तुम्ही पुढे बसा, बॅग इथेच राहू दे’ असं सांगावं लागतं. ४८ इंचांवरचं विमान ज्याने एकदा सावरून पाहिलं आहे, त्याला हे सांगताना संकोच वाटणार नाही. घरी बसून करायच्या या सरावाचं मोल मला त्यातच वाटतं.