केशरी मद्य आणि जमिनीत पुरलेले रांजण

‘ऑरेंज वाइन’ हे नाव ऐकताच आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे नागपुरी संत्र्यांची टोपली उभी राहील. परंतु या मद्याचा संत्र्याशी काडीचाही संबंध नाही. ते निव्वळ द्राक्षांचे असते, आणि तेही पांढऱ्या द्राक्षांचे. नाव पडले ते रंगावरून, आणि तेही अगदी अलीकडे. डेव्हिड हार्वे नावाच्या एका ब्रिटिश मद्यव्यापाऱ्याने २००४ साली ते वापरात आणले. ज्या जॉर्जिया देशात हे मद्य पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे तेथील लोक त्याला तृणमण्याच्या रंगाचे म्हणतात, आणि पाहणाऱ्याला तेच नाव अधिक पटते.

१९६० साली राज्य स्थापन झाल्यापासून दारूबंदी असलेल्या गुजरातेत राहणारा, बडोद्याचा एक गाण्याचा मास्तर हा विषय कशाला घेऊन बसला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गाण्यातच आहे. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांच्यासोबत पृथ्वीवरील संगीताचे सत्तावीस नमुने असलेली सोन्याच्या मुलाम्याची तबकडी आहे. तीत आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे रसिकांना ठाऊकच आहे. त्याच तबकडीवर जॉर्जियातील ‘चाक्रुलो’ नावाचे एक गाणे आहे. ते त्या देशाच्या पूर्वेकडील काखेती प्रांतातले, मद्याच्या पंगतीत गायचे गाणे. दोन गायक वरच्या पट्टीत आळीपाळीने ताना घेतात आणि खाली बाकीचे सारे मिळून एकच लांब स्वर धरून बसतात. आपल्याकडे जे काम तंबोरा करतो ते तेथे माणसांचे गळे करतात. फरक एवढाच की हा तंबोरा मधूनच आपली जागा बदलतो.

हे गाणे मी वर्गात अनेकदा ऐकवीत असे. माझी एक विद्यार्थिनी वैद्यकीय शिक्षणासाठी तिबिलिसीला गेली, तिच्या घरमालकांचे मूळ गाव काखेतीत निघाले, आणि गेल्या आश्विनात, ऐन द्राक्षतोडणीच्या दिवसांत, आठ दिवस तिकडे जाण्याचा योग आला.

प्रथम या मद्याचे वेगळेपण सांगतो. द्राक्ष काळे असले तरी त्याचा रस बहुधा फिकाच असतो. रंग असतो तो सालीत. पांढरे मद्य करताना पांढरी द्राक्षे पिळून रस लगेच वेगळा काढतात आणि तेवढाच आंबवतात. तांबडे मद्य करताना काळी द्राक्षे सालीसकट आंबवतात. काळ्या द्राक्षांची साल थोडाच वेळ रसात ठेवली तर गुलाबी मद्य होते. आता राहिला चौथा प्रकार : पांढरी द्राक्षे, पण रीत तांबड्या मद्याची, म्हणजे साल, बी आणि कधी देठसुद्धा रसातच ठेवायचे. हेच केशरी मद्य. सालीतला रंग आणि बीतला तुरटपणा रसात उतरतो आणि पांढऱ्या द्राक्षांतून मधाच्या किंवा फिक्या तांब्याच्या रंगाचे मद्य तयार होते.

काखेतीत हे काम ज्या भांड्यात चालते त्याला ‘क्वेव्री’ म्हणतात. आकार अंड्यासारखा, खाली निमुळता, वर अरुंद तोंडाचा. आपल्या रांजणाचाच हा भाऊ म्हणावा, पण काही रांजणांत माणूस उभा राहू शकतो एवढे ते मोठे असतात. ते गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले असतात. ज्या खोलीत ते पुरतात तिला ‘मारानी’ म्हणतात. आत गेल्यावर प्रथम काहीच दिसत नाही, नुसती मातीची जमीन आणि तीत ठिकठिकाणी गोल तोंडे. पाहुण्याने पाऊल जपून टाकावे हे बरे!

यजमान सत्तरी ओलांडलेले होते. कृती त्यांनी समोर करून दाखवली. रांजण आधी घासून धुतात. त्यासाठी चेरीच्या झाडाच्या सालीचा कुंचा असतो. रांजणाला आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात दिलेला असतो. द्राक्षे एका पोखरलेल्या लाकडी ओंडक्यात घालून पायांनी तुडवतात. रस आणि त्यामागोमाग सारा चोथा, म्हणजे साल, बी, देठ, रांजणात जातो. या चोथ्याला ते ‘चाचा’ म्हणतात. (हा शब्द ऐकून माझी विद्यार्थिनी अजूनही हसते.) विरजण म्हणून वरून काही घालीत नाहीत. द्राक्षाच्या सालीवर जे किण्व आपसूक असते तेच कामाला लागते. एक-दोन दिवसांत रस खदखदू लागतो, कर्बवायू सुटतो आणि साली वर येऊन जाड थर बनतो. तो थर दिवसातून तीन-चार वेळा लांब दांड्याने खाली दाबावा लागतो; नाहीतर तो वाळतो आणि मद्य बिघडते. रात्रीही उठावे लागते. खदखद थांबली की साली आपोआप तळाला बसतात. मग झाकण ठेवून ओल्या मातीने तोंड लिंपायचे आणि वसंत ऋतू येईपर्यंत, पाच-सहा महिने, रांजणाला हात लावायचा नाही.

रांजण निमुळता असण्यामागे हिशेब आहे. बिया सर्वांत आधी टोकाशी जाऊन बसतात आणि त्यांच्यावर गाळ बसतो, त्यामुळे मद्यात नको इतका कडूपणा उतरत नाही. जमिनीचा गारवा बाराही महिने जवळजवळ सारखा असतो, म्हणून थंडीउन्हाळ्याचा धक्काही बसत नाही. पश्चिमेकडील इमेरेती प्रांतात चोथा थोडाच घालतात आणि तोही कमी दिवस ठेवतात. तेथील मद्य फिके आणि सौम्य होते. दोन घराण्यांची गायकी जशी वेगळी तसेच हे.

हे ऐकताना मला आपल्या वैद्यांच्या द्राक्षासवाची आठवण झाली. धायटीची फुले घालून, तूप चोपडलेल्या मातीच्या घड्याला कापडमाती करून, तो धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरून ठेवण्याची रीत आयुर्वेदात सांगितलेली आहे. मातीचे भांडे, लिंपलेले तोंड, जमिनीची ऊब आणि माणसाचा धीर, एवढेच साहित्य दोन्हीकडे आहे. हेतू मात्र निराळे.

चवीविषयी लिहायचे तर चाखणे भाग होते. मातीच्या वाटीत तळाशी राहील एवढेच घेतले. रंगावरून गोड असेल असे वाटते, पण गोडवा जवळजवळ नाहीच. वास मधाचा आणि वाळवलेल्या जर्दाळूचा. जिभेवर मात्र बिनदुधाच्या कडक चहासारखा तुरटपणा, आणि मागाहून अक्रोडाची चव. ते फार थंड करून देत नाहीत, कारण थंडीने तुरटपणा वाढतो आणि वास दबतो.

येथे थोडे घरचे सांगितले पाहिजे. माझे वडील बडोदे संस्थानच्या अखेरच्या वर्षांत, अगदी कोवळ्या वयात, दरबारच्या चाकरीत गायला लागले. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि ती चाकरी संपली. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. त्यांनी आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही. सोबतीच्या कितीतरी गुणी माणसांची गत त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. ते म्हणत, “दारू शिरली की गवयाच्या घरातून आधी तंबोरा बाहेर जातो, मग भांडी.” आमच्यातल्या जुन्या घरांना या वाक्याचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही. म्हणूनच त्या पंगतीत बसताना माझे मन स्वस्थ नव्हते.

पंगतीला तेथे ‘सुप्रा’ म्हणतात. तिचा एक नायक असतो, ‘तामादा’. तो बोलल्याखेरीज कोणी पेला उचलायचा नाही. तो देशासाठी, मुलांसाठी, गेलेल्या माणसांसाठी क्रमाने चार शब्द बोलतो. मग पेला, मग गाणे. तामादाने स्वतः भरपूर प्यावे पण त्याचा तोल जाता कामा नये. गेला तर त्याची लाज. मी पुढे पेला नको म्हटल्यावर कोणी आग्रह केला नाही. खालचा स्वर धरायला तेवढे बसवले, आणि तो मला जमला. यावरून वडिलांचे वाक्य खोटे ठरले असे मी म्हणणार नाही. जॉर्जियातही दारूने बुडालेली घरे असतीलच. एवढेच दिसले की तेथे पेल्याला पंगतीचा कायदा आहे. आमच्या गवयांना मैफल होती. मैफल उठल्यानंतरच्या एकाकी रात्रीला मात्र कोणताच कायदा नव्हता.

ही रीत किती जुनी? तिबिलिसीच्या दक्षिणेकडील दोन प्राचीन वस्त्यांत सापडलेल्या खापरांवर द्राक्षमद्याच्या खुणा असल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. ती खापरे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीची आहेत. एवढी जुनी विद्या गेल्या शतकात मात्र जवळजवळ बुडाली होती. १९२१ साली देश सोव्हिएत अमलाखाली गेला, मद्य मोठ्या सरकारी कारखान्यांत होऊ लागले, आणि पाचशेहून अधिक देशी द्राक्षजातींपैकी मोजक्याच मळ्यांत उरल्या. १९८५ साली गोर्बाचेव्ह यांच्या मद्यविरोधी मोहिमेत पुष्कळ वेली उपटल्या गेल्या. २००६ साली रशियाने जॉर्जियाचे मद्य घेणे बंद केले, ते २०१३ पर्यंत. या साऱ्या काळात रांजणाची रीत टिकली ती खेड्यांतल्या घरांत, कारण तेथे ती विकण्यासाठी नव्हतीच.

बाहेरून आधार मिळाला तो इटलीतून. स्लोव्हेनियाच्या सरहद्दीलगतच्या ओस्लाविया गावचे योश्को ग्राव्हनर हे पोलादी टाक्या व आधुनिक यंत्रे वापरणारे नामवंत मद्यकार. त्या कृत्रिमपणाला कंटाळून त्यांनी १९९७ साली एका लहान क्वेव्रीत प्रयोग केला, २००० साली ते जॉर्जियाला गेले आणि २००१ पासून आपले मद्य पुरलेल्या रांजणांतच करू लागले. पुढे जगभर या मद्याचे चाहते झाले आणि २०१३ साली युनेस्कोने क्वेव्रीची रीत मानवाच्या वारशात नोंदवली. तेथील गायनाचा गौरव त्यापूर्वीच, २००१ साली झाला होता.

मागणी वाढली, तरी रांजण घडवणारे कुंभार अजून थोडेच आहेत. मोठा क्वेव्री चाकावर होत नाही. मातीची वळी एकावर एक चढवीत, रोज थोडीच उंची वाढवीत, कित्येक आठवडे तो घडतो. घाई केली की भिंत बसते. हे पुस्तकात वाचून येत नाही, शेजारी बसूनच येते. वस्तूला गिऱ्हाईक पुन्हा मिळू शकते, पण मध्ये एक पिढी शेजारी बसली नाही तर हात मिळत नाहीत. आपल्या शहरात दरबार गेल्यावर गाणे जगले तेही असेच, घराघरांतल्या सकाळच्या रियाझावर. आज माझ्याकडे मुले येतात ती बहुधा परीक्षेपुरती; परीक्षा झाली की तंबोऱ्याला गवसणी.

ज्या वाचकांना मद्याशी कर्तव्य नाही त्यांनी चाक्रुलो तरी एकदा ऐकावे, आणि लगेच केसरबाईंची भैरवी लावावी. अल्लादियाखाँसाहेबांकडे वर्षानुवर्षे शेजारी बसून केसरबाईंनी जे मिळवले आणि काखेतीच्या पंगतीत मुलगा बापाशेजारी बसून जे शिकतो, ते एकाच यानातून निघाले आहे. खाली ते दोघे कोठे राहतील हे आपल्या हाती आहे.