लकवा मारल्यावर माणूस किती सावरेल? रक्ततपासणी काय सांगते, काय नाही

घरात कुणाला लकवा मारला की दोन दिवसांत एकच प्रश्न सुरू होतो : "आता पुन्हा चालतील का?" त्यावर पुढचं सगळं ठरतं. कर्ज काढायचं का, शेती कुणी बघायची, व्यायामाला शहरात ठेवायचं का. याचा अंदाज रक्तातून काढता येईल का, यावर जगभरात संशोधन चालू आहे.

लकव्यात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद होते किंवा फुटते. पेशी मरतात आणि त्यांच्यातली प्रथिनं झिरपत रक्तात येतात. त्यातलं एक आहे न्यूरोफिलामेंट लाइट. हा मेंदूतल्या तंतूंच्या सांगाड्याचा भाग. रक्तात ते जितकं जास्त, तितकं नुकसान मोठं, असं साधारण दिसतं. मात्र ते हळूहळू वाढतं, दोन-तीन आठवड्यांपर्यंत चढत राहतं. त्यामुळं पहिल्या दिवशीच्या तपासणीतून पूर्ण चित्र कळत नाही.

दुसरा घटक कोपेप्टिन. शरीरावर मोठा ताण आला की तो लगेच वाढतो. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये दाखवलं, की सुरुवातीला कोपेप्टिन जास्त असलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती जास्त वाईट होती.

पण हे सगळे अंदाज आहेत, निकाल नव्हे. वय, शुगर, आधीचे आजार, लकव्याची जागा, यावरही बरंच अवलंबून असतं. या तपासण्या अजून रोजच्या उपचारात आलेल्या नाहीत. माती परीक्षणाचा अहवाल कितीही चांगला आला तरी पाणी-खत वेळेवर लागतंच, तसंच हे आहे. आणि अहवाल वाईट आला म्हणून कुणी रान पडीक टाकत नाही.

म्हणून आज लक्षात ठेवायचं ते हे :

• तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतंय, यातलं काहीही अचानक दिसलं की लगेच १०८ ला फोन करा.
• सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.
• लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा.
• स्कॅनआधी स्वतःहून कसलीही गोळी देऊ नका.
• डॉक्टरांनी सांगितल्यावर व्यायाम सुरू करा. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा जास्त होते, ते वाया घालवू नका.

"आता काही होणार नाही" असं कुणी म्हणालं तरी व्यायाम सोडू नका. नंतरही सुधारणा होऊ शकते.