पऱ्हाटीची बेटावरची बहीण

आजचा विषय 'अभाव'. म्हणजे नसणे. कणादांच्या परंपरेत आधी सहा पदार्थ मोजले गेले. पुढच्या आचार्यांनी अभाव हा सातवा मानला. एखादी गोष्ट नसणे हेही जगाबद्दलचं खरं ज्ञान आहे, असं त्यांचं म्हणणं. 'जमिनीवर घडा नाही' हे त्यांचं ठरलेलं उदाहरण. पण आपण पडलो वऱ्हाडातली माणसं. आपल्याला घड्यापेक्षा पऱ्हाटी जवळची. तेव्हा उदाहरण कापसाचंच घेऊ. फक्त झुडूप जरा लांबचं आहे.

पॅसिफिक महासागराच्या मधोमध हवाई बेटं आहेत. जवळचा खंड म्हणजे अमेरिका, आणि तोही सुमारे ३,८०० किलोमीटर दूर. त्या बेटांच्या कोरड्या, खडकाळ किनाऱ्यांवर एक झुडूप आपोआप उगवतं. पानं राखाडी, लवदार, फूल पिवळंधमक. तिथले लोक त्याला 'माओ' म्हणतात, शास्त्रीय नाव गॉसिपियम टोमेंटोसम. बोंड फुटलं की आत तपकिरी रुई दिसते, पण ती इतकी आखूड आणि सरकीला इतकी चिकटलेली, की कातायच्या कामाची नाही. हवाईचे लोक या झुडपापासून कापडाला रंग देत.

आता याचं आपल्याशी नातं काय? आपली जुनी गावरानी कपाशी, गॉसिपियम आर्बोरियम, तिच्या पेशीत २६ गुणसूत्रं. आज अकोला-अमरावतीच्या शिवारात बहुतेक ठिकाणी दिसते ती अमेरिकन कपाशी, गॉसिपियम हिर्सुटम, तिच्यात ५२. साधारण १० ते २० लाख वर्षांपूर्वी जुन्या जगातल्या कपाशीचा आणि अमेरिकेतल्या रानकपाशीचा संकर आपोआप झाला, आणि त्यातून ५२ गुणसूत्रांचं हे घराणं निघालं. म्हणजे जिला आपण 'अमेरिकन' म्हणतो तिचं अर्धं रक्त गावरानी कपाशीच्या भावकीतलं आहे. देशी-परदेशी हे शब्द वापरताना आपण हे लक्षात ठेवलेलं बरं. हवाईची माओ ही याच ५२वाल्या घराण्यातली, हिर्सुटमची अगदी जवळची बहीण. तिच्या पूर्वजांची सरकी समुद्रावरून तरंगत बेटावर पोचली असावी. कापसाचं बी खाऱ्या पाण्यात बराच काळ जिवंत राहू शकतं, हे प्रयोगांत दिसलं आहे.

आता अभावाकडे येऊ. पऱ्हाटीचं पान उलटं करून पाहा. मधल्या शिरेवर एक बारीकशी खळगी दिसेल, तिच्यातून गोड रस पाझरतो. फुलाखालच्या पाकळीसारख्या पानांवरही अशा ग्रंथी असतात. या रसावर मुंग्या येतात, आणि मुंग्या झाडावरच्या अळ्या मारतात. म्हणजे हा रस ही एक प्रकारे राखणदाराची मजुरी झाली. हवाई बेटांवर मूळच्या मुंग्याच नाहीत. मग मजुरी द्यायची कुणाला? माओच्या पानांवर या ग्रंथी नाहीत. राखणदार नव्हता म्हणून मजुरी बंद झाली, असा तर्क केला जातो.

हे 'नसणं' पुढे कामाला आलं. कारण गोड रसावर फक्त मुंग्या येत नाहीत. पिकाचं नुकसान करणारे ढेकूण आणि बोंडअळीचे पतंगही येतात. १९६०च्या आसपास अमेरिकेतल्या पैदासकारांनी माओचा हा गुण संकरातून लागवडीच्या कपाशीत आणला. अशा बिनरसाच्या वाणांवर काही किडी कमी आढळल्या, त्यांत आपल्याला छळणारी गुलाबी बोंडअळीही होती. अर्थात हा रामबाण नव्हे. रस नसला की शेतकऱ्याचे मित्रकीटकही कमी होतात. फायद्याबरोबर तोटा आलाच.

वऱ्हाडाला हा हिशेब नवा नाही. १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतलं, त्यामागे कापूस होता. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून इथल्या कापसाला 'ऊमरा' म्हणत. १९६९ला अकोल्याला कृषी विद्यापीठ आलं, २००२ला बीटी बियाणं आलं, आणि २०१७च्या हंगामात गुलाबी अळीने त्याच बीटीची बोंडं पोखरलेली आपण पाहिली. एकाच गुणावर सगळी भिस्त ठेवली की असं होतं. पुढचा गुण कुठून आणायचा? तो बहुधा अशाच एखाद्या 'निरुपयोगी' रानझुडपात असतो. म्हणून तर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत रानकपाशींची बाग जपली जाते.

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, आम्हाला इथे जुने आचार्य आठवतात. त्यांनी अभावाचे प्रकार पाडले. प्रागभाव, म्हणजे वस्तू निर्माण होण्याआधीचं नसणं. त्याला आरंभ नाही, पण शेवट आहे. वस्तू झाली की तो संपतो. प्रध्वंसाभाव, म्हणजे वस्तू नष्ट झाल्यानंतरचं नसणं. त्याला आरंभ आहे, पण शेवट नाही. माओचा हा शेतीतला उपयोग १९६०च्या आसपासपर्यंत कुणाला ठाऊक नव्हता, तो प्रागभाव होता. म्हणून रानझुडपाला 'याचा उपयोग नाही' असं म्हणणं चूक. 'अजून नाही' एवढंच म्हणता येतं.

पण किनाऱ्यांवर घरं-हॉटेलं वाढली तशी माओची जागा आकसत गेली. लागवडीच्या कपाशीशी तिचा संकर होऊ शकतो, म्हणून अमेरिकी सरकारने हवाईत बीटी कापसाच्या व्यापारी लागवडीला मनाई केली. रुई न देणाऱ्या झुडपासाठी एवढी काळजी कशाला, असं कुणी विचारेल. उत्तर सरळ आहे. 'अजून नाही' हे कधीतरी संपतं. 'आता उरलं नाही' हे मात्र कधीच संपत नाही.