दुकानातील टोळीची चोरी आणि बाजाराची फिर्याद

रमजानचा शेवटचा अशरा सुरू झाला की कापड, चपला, अत्तर, बांगड्या यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा उरत नाही. आपल्या अनेक व्यापारी बांधवांची वर्षाची निम्मी कमाई या दिवसांवर अवलंबून असते, आणि चोरही याच दिवसांची वाट पाहत असतात. चार-पाच जणांचा घोळका दुकानात शिरतो. एकजण थानावर थान उघडावयास लावतो, दुसरा भावावरून हुज्जत घालतो, तिसऱ्याला नेमके त्याच वेळी सुटे पैसे हवे असतात. कडेवरचे मूल रडू लागते, नोकराचे लक्ष तिकडे जाते आणि तेवढ्यात माल पिशवीत पडतो. रात्री हिशेब करताना दोन साड्या कमी भरतात. मालक नोकरावर चिडतो, पुष्कळदा त्याच्या पगारातून पैसे कापतो (हा त्या गरिबावर सरळ सरळ अन्याय आहे), पण पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही. दोन साड्यांसाठी अर्धा दिवस कोण घालवणार?

तोच घोळका दुसऱ्या दिवशी पुढच्या गल्लीत आणि आठवड्याने दुसऱ्या गावात असतो. प्रत्येक दुकानदाराचे नुकसान किरकोळ दिसते. सगळ्या दुकानदारांचे नुकसान एकत्र मांडले तरच ती टोळी आहे हे कळते. हे मांडण्याचे काम एकटे पोलीस करू शकत नाहीत, कारण त्यांच्यापर्यंत तक्रार पोहोचलेलीच नसते. नव्या कायद्यामुळे या गोष्टीला फार महत्त्व आले आहे, म्हणून आम्ही हा विषय थोडा तपशिलाने घेत आहोत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ नुसार साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. परंतु चोरीचा माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल तर हा गुन्हा आता अदखलपात्र झाला आहे. म्हणजे ठाण्यात फक्त एन.सी. नोंदली जाते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकुमावाचून पोलिसांना तपास करता येत नाही. आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. भुकेपोटी बिस्किटाचा पुडा उचलणाऱ्या पोरासाठी ही तरतूद चांगलीच आहे, आम्ही तिच्या विरुद्ध नाही. पण टोळीलाही हा हिशेब कळतो. दर दुकानातून दोन-तीन हजारांचा माल उचलला की सगळे प्रकरण एन.सी.वर भागते.

यावर कायद्यातच उपाय आहे. कलम ११२ हे 'लहान संघटित गुन्ह्या'चे नवे कलम आहे. टोळीचा किंवा गटाचा सदस्य असलेल्या माणसाने, एकट्याने अथवा मिळून, चोरी केली तर त्यास किमान एक वर्ष आणि कमाल सात वर्षे कैद व दंड आहे. या चोरीत दुकानातून माल लांबवणे, खिसे कापणे, वाहनातला माल पळवणे यांचा नावानिशी उल्लेख आहे. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. फक्त, ती टोळी आहे हे पोलिसांना दिसले पाहिजे, आणि एका दुकानाच्या दोन साड्यांवरून ते दिसत नाही. शिवाय कलम ३०५ मध्ये माल ठेवण्याच्या इमारतीतील चोरीस सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून फिर्यादीत नुसते 'साड्या चोरीस गेल्या' असे न लिहिता, त्या दुकानात ठेवलेल्या मालातून गेल्या हे स्पष्ट लिहावे.

ब्रिटनमध्ये नेमका असाच पेच पडला होता. तेथे २०१४ च्या कायद्याने दोनशे पौंडांपर्यंतची दुकानातील चोरी किरकोळ वर्गात टाकली गेली आणि पोलीस येतच नाहीत, अशी दुकानदारांची ओरड सुरू झाली. मार्च २०२५ अखेरच्या वर्षात इंग्लंड व वेल्स येथे अशा चोरीचे ५,३०,६४३ गुन्हे नोंदले गेले. २०२३ साली तेथील मोठ्या दुकानदारांनी आपसातली स्पर्धा बाजूला ठेवून वर्गणी काढली आणि 'पेगासस' नावाची योजना पोलिसांबरोबर उभी केली. निरनिराळ्या दुकानांतील चित्रण व माहिती एकाच पोलीस पथकाकडे पाठवायची आणि त्यातून गावोगाव फिरणाऱ्या टोळ्या ओळखायच्या, असे तिचे स्वरूप आहे. दोनशे पौंडांची मर्यादा काढून टाकण्याचे विधेयकही सरकारने २०२५ मध्ये आणले.

आपल्या बाजारपेठेला पथक आणि वर्गणी यांची गरज नाही. व्यापारी संघटनेकडे एक वही असली तरी पुष्कळ झाले. तारीख, वेळ, गेलेला माल, खरेदी बिलाप्रमाणे किंमत, घोळक्याची पद्धत, बोलीभाषा, गाडीचा क्रमांक एवढे त्यात लिहावे. तीन-चार नोंदी एकाच धाटणीच्या दिसल्या की त्या दुकानदारांनी मिळून ठाण्याच्या पोलीस निरीक्षकांकडे जावे, प्रत्येकाने आपली लेखी फिर्याद द्यावी आणि कलम ११२ चा विचार व्हावा असे त्यात नमूद करावे. एफ.आय.आर.ची प्रत मोफत मिळणे हा फिर्यादीचा हक्क आहे. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही खबर देता येते, पण तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. ठाण्यात दखलपात्र गुन्हा नोंदवून घेतला नाही तर पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार करावी, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

कॅमेऱ्याच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. दुकानदार पडद्यावरचे चित्र मोबाईलने टिपून घेतो आणि मूळ यंत्राकडे दुर्लक्ष करतो. काही दिवसांनी त्या यंत्रात नवे चित्रण जुन्यावर चढते आणि पुरावा नाहीसा होतो. चोरी लक्षात येताच मूळ चित्रण काढून ठेवावे. न्यायालयात ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, ते तपास अधिकाऱ्यास विचारून तयार करावे.

तेच चित्र 'चोर ओळखा' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवणे मात्र आम्हाला मान्य नाही. ओळखण्यात चूक झाली तर एखाद्या निरपराध बाईची अब्रू गावभर जाते. सूरह हुजुरातमध्ये आलेली खबर पडताळून घेण्याची ताकीद आहे, ती दुकानाच्या गल्ल्यावरही लागू आहे. बुरख्याआड चोरी होते म्हणून बुरखाधारी गिऱ्हाइकांकडे सरसकट संशयाने पाहणे हेही तितकेच चुकीचे. टोळी साडी नेसून येते, टोपी घालून येते, हेल्मेट घालूनही येते. महागडा माल दाखवताना काउंटरवर एक स्त्री कर्मचारी ठेवावी आणि एका वेळी एकच नग बाहेर काढावा, याचा उपयोग जास्त होतो.

चोर हाती लागला तर? डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास सामान्य माणूसही धरू शकतो, पण विनाविलंब, आणि फार तर सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली केले पाहिजे. गोदामात कोंडणे, मारणे, दहापट 'दंड' वसूल करणे हे सगळे स्वतंत्र गुन्हे आहेत. आणि आपल्या लोकांना तर हे सांगावयास नको. २०१९ साली झारखंडमध्ये चोरीच्या संशयावरून एका मुस्लिम तरुणाला खांबाला बांधून मारले गेले, त्यात तो दगावला आणि २०२३ मध्ये दहा जणांना दहा वर्षांची शिक्षा झाली. ज्या जमातीने हे सोसले तिच्या दुकानाच्या फळीवर कोणाला बांधले जाऊ नये.

आता थोडे कडू बोलतो. टोळीने उचललेला माल कोणीतरी विकत घेतोच. भंगार, जुने मोबाईल, दागिने गाळणे या धंद्यांत आपले कारागीर मोठ्या संख्येने आहेत. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे समजण्यास कारण असून, अप्रामाणिकपणे घेणाऱ्यास कलम ३१७ नुसार तीन वर्षांपर्यंत आणि नेहमी असा व्यवहार करणाऱ्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. निम्म्या भावात आलेला माल हे 'समजण्याचे कारण' मानले जाऊ शकते. विकणाऱ्याचे ओळखपत्र, सही आणि बिल घेतल्याखेरीज माल घेऊ नये. जुना मोबाईल घेताना त्याचा आयएमईआय क्रमांक 'संचार साथी'वर तपासता येतो.

फिर्याद न देण्यामागे आणखी एक भीती असते, ती म्हणजे मुद्देमाल म्हणून जप्त झालेला माल वर्षानुवर्षे ठाण्यात पडून राहील. पूर्वी तसे पुष्कळ होत असे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात असा माल विनाकारण अडकवून ठेवू नये असे बजावले. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ नुसार माल न्यायालयापुढे आल्यावर चौदा दिवसांत त्याची यादी व छायाचित्रे व्हावयाची आणि पुढील तीस दिवसांत मालाविषयी हुकूम व्हावयाचा, अशी मुदत घालून दिली आहे. माल परत मागण्याचा अर्ज खरेदीच्या बिलासह लगेच द्यावा. बिल नसेल तर माल आपला असल्याचे पटवणे अवघड जाते. कच्च्या चिठ्ठीवर माल उचलणाऱ्यांची खरी अडचण तेथेच सुरू होते.