भुलाबाईच्या गाण्यांची छंदोरचना

नागपूर आणि एकूणच विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. भुलोजी व भुलाबाई म्हणजे शंकर-पार्वती. त्यांची मातीची मूर्ती ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात बसवून तिच्यापुढे टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी होतात. खानदेशातही भुलाबाई आहे. भोंडला व हादगा ही तिचीच भावंडे. या गाण्यांचे चरण आखूड असतात, म्हणून त्यांना बडबडगीते समजण्याची चूक पुष्कळदा होते.

मराठी पद्याचे तीन वर्ग मानले जातात. वृत्तात लघुगुरूंचा क्रम ठरलेला असतो, जातीत मात्रांची संख्या, तर छंदात अक्षरांची. माधव ज्यूलियन (१८९४–१९३९) यांच्या ‘छन्दोरचना’ या ग्रंथात या विषयाचा सांगोपांग विचार आहे. छंदातील प्रत्येक अक्षर उच्चारात गुरू धरतात आणि भुलाबाईच्या गाण्यांची किल्ली नेमकी येथेच आहे.

नमुन्यादाखल दोन चरण रचून पाहू: ‘टिपऱ्यांचा नाद आला / बाई, फेर गोल झाला’. दोन्हींत अक्षरे आठ-आठ. मात्रा मात्र पहिल्यात तेरा, दुसऱ्यात चौदा. ‘ऱ्यां’चा आघात मागच्या अक्षरावर पडत नाही, म्हणून ‘प’ लघूच राहतो. कागदावर हे चरण विषम दिसतात. गाताना ‘टि’, ‘प’, ‘द’, ‘र’, ‘ल’ ही लघू अक्षरे लांबतात आणि दोन्ही चरण सोळा मात्रांचे, म्हणजे अष्टमात्रक पद्मावर्तनाच्या दोन फेऱ्यांचे होतात. बोलताना ‘नाद’मधला जो ‘द’ आपण अर्धवट गिळतो, त्यालाही इथे पुरते माप मिळते. ते माप टिपरी घालून देते.

‘आला–झाला’ हे अंत्ययमक. लोकगीतात ते सैल असते, केवळ स्वर जुळला तरी चालते. क्वचित यमकासाठी निरर्थक शब्दही येतो आणि कोणाला तो खटकत नाही.

खरे वैभव आहे ते पुनरुक्तीत. तिचा एक प्रकार चौकटीचा: ओळ तीच, फक्त सासू, सासरा, दीर, जाऊ, नणंद अशी नाती बदलत जातात. दुसरा संख्येचा: प्रत्येक कडव्यात आकडा एकाने वाढतो. तिसरा साखळीचा: एका कडव्याच्या शेवटी आलेली वस्तू पुढच्याच्या आरंभी येते. मातीपासून जाते, सपिटी, करंज्या, पालखी असे करत गाणे माहेरी पोहोचते. पंडित कवींनी चरणाचे अंत्य शब्द पुढच्या चरणाच्या आरंभी गुंफले आणि त्याला दामयमक म्हटले. मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) काव्यात त्याची नोंद साहित्यशास्त्र आदराने घेते; त्याच जातीची गुंफण करणाऱ्या मुलींच्या गाण्याची घेत नाही.

या साखळीचा व्यावहारिक उपयोगही आहे. जिला गाणे येत नाही, तिलाही दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यापासून सूर मिळवता येतो, कारण नवा शब्द एकच असतो. गाणी संपली की बंद डबा वाजवून खाऊ ओळखायला लावतात, आणि तिथेही कान आवाजावरूनच आतल्या वस्तूचा माग काढतो.