फाइल पाठविण्यापूर्वीच्या आज्ञा : दूरस्थ सर्व्हर, 'ऊ' हे अक्षर आणि ओव्यांचा एक संग्रह

प्रस्तावना

संगणकावरील फाइल दूरच्या सर्व्हरवर पाठविणे ही आज इतकी नित्याची बाब झाली आहे की, त्या क्रियेच्या आधी दोन यंत्रांमध्ये काही बोलणे होते याची जाणीवही वापरकर्त्याला राहत नाही. प्रस्तुत लेखात या पूर्वसंवादाचा, म्हणजे एफटीपी या संकेतप्रणालीत प्रत्यक्ष फाइल निघण्याआधी सर्व्हरला दिल्या जाणाऱ्या आज्ञांचा परिचय करून द्यावयाचा आहे. निमित्त घरचेच आहे. २०१२ साली मराठी विषयाच्या एका सहकारी प्राध्यापिकेने गुरुकुंज मोझरीच्या परिसरातील व तिवसा तालुक्यातील काही गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ओव्यांचा मजकूर व ध्वनिमुद्रणे भाड्याच्या एका सर्व्हरवर चढविण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. पुढे घरचा संगणक बिघडला, फाइली परत उतरविल्या, आणि त्यांचा फोन आला : "सर, एक ओळ मराठी आहे आणि एक ओळ चिनी!"

पूर्वसंवादाचे स्वरूप

एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे हे विद्यार्थी त्या वेळी अमेरिकेतील एमआयटीत होते. आज प्रमाण मानला जाणारा आराखडा ऑक्टोबर १९८५ चा असून तो पोस्टेल व रेनॉल्ड्स यांच्या नावावर आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की, यात दोन स्वतंत्र जोडण्या असतात. एकीवरून केवळ आज्ञा व उत्तरे जातात, दुसरीवरून फाइल. आज्ञांची जोडणी सर्व्हरच्या २१ क्रमांकाच्या द्वारावर प्रथम उघडते व शेवटपर्यंत उघडी राहते. फाइलची जोडणी प्रत्येक फाइलपुरती उघडून बंद होते.

आज्ञा तीन-चार रोमन अक्षरांच्या असतात. 'यूझर' दिल्यावर सर्व्हर ३३१ म्हणतो, म्हणजे संकेतशब्द हवा. 'पास' दिल्यावर २३०, म्हणजे प्रवेश मिळाला. 'सीडब्ल्यूडी' ने सर्व्हरवरील फोल्डर बदलते, 'एमकेडी' ने नवे तयार होते. उत्तराचा पहिला अंक तेवढा ध्यानात ठेवावा : २ म्हणजे काम झाले, ३ म्हणजे पुढील आज्ञेची वाट आहे, ४ म्हणजे तूर्त नाही, ५ म्हणजे नाहीच. 'स्टोर' ही आज्ञा या सर्वांनंतर येते. तिच्या उत्तरी १५० येते, फाइल निघते आणि शेवटी २२६ येऊन व्यवहार संपतो.

या मालिकेत 'टाइप' ही आज्ञा सर्वांत दुर्लक्षित होय. पुढे येणारे बाइट सर्व्हरने कसे समजावे, हे तिने ठरते. 'टाइप आय' दिल्यास बाइट जसेच्या तसे ठेवले जातात. 'टाइप ए' दिल्यास फाइल हा साधा मजकूर मानून ओळीच्या शेवटच्या खुणा बदलल्या जातात. विंडोज पद्धतीत ओळ १३ व १० या दोन बाइटांनी संपते, युनिक्स पद्धतीत एकट्या १० ने. म्हणून युनिक्स सर्व्हर चढविताना १० च्या आधीचा १३ काढून टाकतो व उतरविताना प्रत्येक १० च्या आधी १३ घालतो. काहीच न सांगितल्यास 'टाइप ए' गृहीत धरावे, असे १९८५ चा आराखडा सांगतो. निरनिराळ्या जातींची यंत्रे परस्परांना मजकूर पाठवीत होती, त्या काळी ते शहाणपणाचेच होते. आम्ही काहीच सांगितले नव्हते.

'ऊ' चे उदाहरण

ओव्यांचा मजकूर त्या काळच्या साध्या संपादकात 'युनिकोड' या पर्यायाने जतन केला होता. त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाला दोन बाइट लागतात. दुसरा बाइट नेहमी ९ असतो, पहिला चिन्हागणिक बदलतो. 'प' म्हणजे ४२, ९. 'स' म्हणजे ५६, ९. आणि 'ऊ' म्हणजे १०, ९. ओळ संपल्याची खूण आणि आपला 'ऊ' यांच्या पोटात एकच बाइट आहे, हे सर्व्हरला कळण्याचा मार्ग नाही.

'पाऊस' हा शब्द घेऊ. त्याचे बाइट असे : ४२, ९, ६२, ९, १०, ९, ५६, ९. उतरविताना १० च्या आधी १३ शिरला की जोड्या एका घराने सरकतात. 'पा' शाबूत राहतो. पुढे १३ व १० यांची जोडी होते, तिला कोणतेही अक्षर नाही. त्यापुढे ९ व ५६ यांची जोडी होते, आणि तेथे 'स' ऐवजी एक चिनी चिन्ह उमटते. पुढील १० आला की आणखी एक १३ शिरतो व जोड्या पुन्हा जागेवर येतात. ओळीच्या शेवटीही १० असतोच. म्हणून एक ओळ मराठी, एक चिनी. काही ओळी मात्र मध्येच पालटत होत्या, आणि दोन दिवस ते कोडे सुटले नाही. ओव्यांत भावाला साद घातलेली असते. 'भाऊ' आला की ओळ उलटत होती.

मजकूर सुदैवाने वाचला. चढविताना १३ व १० शेजारी आलेच नव्हते, कारण मध्ये नेहमी शून्य होते; त्यामुळे सर्व्हरवरील प्रत निर्दोष होती. 'टाइप आय' देऊन ती पुन्हा उतरविली आणि एकही काना हलला नाही. (यूटीएफ-८ मध्ये जतन केलेल्या मराठीत हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे देवनागरी चिन्हाच्या तीनही बाइटांची मूल्ये १२७ च्या वर असतात.)

ध्वनिमुद्रणांचे तसे झाले नाही. एमपी३ फाइलीत १३ व १० योगायोगाने शेजारी येतात, सरासरीने ६५,५३६ बाइटांत एकदा. असा प्रत्येक १३ चढवितानाच गळाला. सेकंदाला १२८ किलोबिट या दराने हे अंतर सुमारे ४ सेकंदांचे पडते. ओवी ऐकू येते, पण दर चार सेकंदांना ठेच लागते. गळालेला १३ परत बसविता येत नाही. फाइलीतील हजारो १० पैकी कोणाच्या आधी तो होता, याची खूण उरलेली नाही. विशेष म्हणजे त्या दिवशी प्रत्येक फाइलीला सर्व्हरचे उत्तर २२६ हेच होते. आज्ञेप्रमाणे काम झाले, एवढेच ते सांगते. आज्ञा योग्य होती की नाही, हे सांगणे त्याच्या अखत्यारीत नाही.

आज्ञांचा क्रम व उत्तरांचे वाचन

फाइलीपूर्वी इतरही आज्ञा देता येतात. नवी प्रत चढविण्याआधी 'आरएनएफआर' व 'आरएनटीओ' या जोडीने जुन्या प्रतीचे नाव बदलून ती बाजूला ठेवता येते. पहिलीला ३५० व दुसरीला २५० आले तरच पुढे जावे. ५५० आले असता 'स्टोर' दिल्यास बहुतेक सर्व्हरवर जुनी प्रत पुसली जाते. कर्ल या प्रचलित साधनात 'क्यू' या पर्यायाने अशा आज्ञा आधीच लिहून ठेवता येतात. एखादीला नकार आला की कर्ल तेथेच थांबते. आज्ञेच्या आधी तारांकित खूण दिली तर नकार दुर्लक्षिला जातो. ही सोय मोहाची आहे. फोल्डर आधीच असले तरी चालेल अशा 'एमकेडी' पुरतीच ती वापरावी, नाव बदलण्याच्या आज्ञेला कदापि नाही. फाइलीचा आकार 'साइझ' ने पडताळताना 'टाइप आय' आधी द्यावे. प्रकार बदलला की आकाराचे उत्तरही बदलू शकते.

मूळ एफटीपीत संकेतशब्द उघडा जातो. २०२१ साली क्रोम व फायरफॉक्स या ब्राउझरांनी तिचा आधार काढून घेतला, तो मुख्यतः सुरक्षिततेच्या कारणास्तव. एसएसएचवर चालणाऱ्या एसएफटीपीत सर्व संवाद गुप्त राहतो आणि बाइट सहसा जसेच्या तसे जातात. आमच्या विभागात आता तीच वापरली जाते, आणि पाठविण्यापूर्वी व नंतर दोन्हीकडील फाइलींची एसएचए-२५६ बेरीज जुळवून पाहिली जाते.

सहकारी प्राध्यापिका २०१४ साली त्याच गावांत पुन्हा गेल्या व बहुतेक ओव्या नव्याने ध्वनिमुद्रित करून आल्या. दोन गायिका तोवर निवर्तल्या होत्या. त्यांच्या ओव्या दर चार सेकंदांच्या ठेचेसह तशाच जपल्या आहेत.